तळटीप : ‘ऑल-इन’ कधी?

३. ऑल-इन : पोकरमध्ये आपल्यापुढच्या सगळ्या चिप्स एकदम लावणे. महाराष्ट्रात १८८७ च्या कायद्याने जुगाराच्या अड्ड्यांवर बंदी असल्याने कथेतला कोल्हापूरचा नायक आंबोली घाट उतरून पणजीला, मांडवीतल्या कॅसिनो-जहाजावर जातो. तिथे बदामाचा राजा नि अठ्ठी हातात असूनही तो पानं टाकून देतो. लेखक त्याला संयम म्हणतो. आम्हाला ती घोडचूक वाटते. स्पर्धेत ब्लाइंड, म्हणजे पानं बघण्याआधी भरायची सक्तीची रक्कम, वाढतच जाते. इथे ब्लाइंड ५०० व १,०००, वर १,००० अँटी, म्हणजे आणखी एक सक्तीची रक्कम. मध्ये २,५०० पडलेले आणि नायकाकडे जेमतेम १०,०००. भागाकार ४. पॉल मॅग्रिएल यांच्या नावावरून याला ‘एम’ म्हणतात : नुसतं बसून राहिला तर चार फेऱ्यांत गडी बाद.

आता हिशेब. नायक डीलरच्या जागी, मागे दोघेच. समजा तो ऑल-इन गेला आणि दहापैकी सात वेळा दोघेही पानं टाकतात : २,५०० फुकटात. तीन वेळा मोठा ब्लाइंडवाला भिडतो. तेव्हा जिंकण्याची शक्यता ३५ टक्के धरली, तर २१,५०० च्या डावात सरासरी तोटा सुमारे २,४७५. गोळाबेरीज केली तर दर खेपेला हजारभर नफाच. पानापेक्षा समोरच्याची माघार जास्त कमावून देते, आणि नायकाच्या चिप्स अजून झिजल्या की समोरच्याला माघार घ्यायचं कारणच उरत नाही.

बक्षिसांच्या उंबरठ्यावर मात्र गणित बदलतं : तिथे गमावलेली चिप कमावलेल्या चिपेपेक्षा महाग पडते.