करडी वीण व काळी फुली

संगणकाच्या पडद्यावरील खिडक्यांचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे. त्या खिडक्यांमागें जी भूमि उरते तिच्याविषयीं लिहिणारे विरळा. आम्हांस मात्र तिचाच इतिहास अधिक मनोरंजक वाटतो. कारण यंत्र कोणाचें, हा प्रश्न तेथें जितका उघडा पडतो तितका दुसरीकडे पडत नाहीं.

१९८३ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीनें डिजिटल इक्विपमेंट व आयबीएम या कंपन्यांच्या साहाय्यानें 'प्रोजेक्ट अथेना' हातीं घेतला. विद्यार्थ्यानें जाळ्यांतील कोणत्याही वर्कस्टेशनपुढें बसावें, आपलें नांव व परवलीचा शब्द द्यावा, आणि दूरच्या सर्व्हरवरील आपल्या फाइली समोर याव्या, अशी ती योजना. यंत्रें भिन्न कंपन्यांचीं, तेव्हां सर्वांवर सारखी चालेल अशी खिडक्यांची व्यवस्था हवी होती. ती बॉब शायफ्लर व जिम गेटिस यांनीं १९८४ मध्यें सुरू केली. स्टॅनफर्ड येथील 'डब्ल्यू' नामक व्यवस्थेवरून ती निघाली, म्हणून वर्णमालेंतील पुढचें अक्षर घेऊन तिचें नांव 'एक्स' ठेविलें. सप्टेंबर १९८७ मध्यें निघालेली तिची अकरावी आवृत्ति अद्याप वापरांत आहे.

एक्समध्यें प्रत्येक खिडकी दुसऱ्या खिडकीच्या पोटांत असते, आणि या वंशवृक्षाच्या मुळाशीं सगळा पडदा व्यापणारी 'रूट' खिडकी असते. इतर खिडक्या कोणत्या ना कोणत्या प्रोग्रॅमच्या. ही मात्र कोणत्याच प्रोग्रॅमची नव्हे. तेव्हांच्या पुष्कळ पडद्यांस काळा व पांढरा हे दोनच रंग ठाऊक होते. करड्याचा भास हवा तर काळेपांढरे बिंदु आळीपाळीनें मांडावे लागत. अशा बिंदूंची चटईसारखी वीण व तिच्यावर काळ्या फुलीच्या आकाराचा कर्सर, एवढेंच दृश्य एक्स सुरू होतांच दिसे. डोळ्यांस ती वीण सुखद नव्हती, हें आम्ही मान्य करतों. परंतु साधन पुरवावें, रीत लादूं नये, हें एक्सच्या कर्त्यांचें धोरण होतें. घर बांधून दिलें, भिंती रंगविणें राहणाऱ्यावर सोंपविलें.

त्यासाठीं 'एक्ससेटरूट' ही आज्ञा होती. १९८४ सालींच विक्रीस आलेल्या मॅकिंटॉशवरही भूमीची नक्षी बदलतां येई; पण तेथें माउसनें आठ बाय आठ बिंदूंची चौकट भरावी लागे. येथें एक ओळ टंकिली कीं काम झालें. आज्ञेपुढें '-सॉलिड' व रंगाचें नांव लिहिलें, तर वीण जाऊन भूमि एकरंगी होई. '-बिटमॅप' लिहिल्यास फाइलींतील चित्र फरशीप्रमाणें पडदाभर मांडलें जाई. '-कर्सर' या शब्दास दोन फाइली लागत, एक आकृतीची व दुसरी मुखवट्याची; कोठें आकृति उमटावी व कोठें मागचें दिसूं द्यावें, हें मुखवटा सांगे. मौज अशी कीं हीं चित्रें सी भाषेंतील मजकुराच्या रूपांत साठविलेलीं असत. तीं पत्राप्रमाणें वाचतां येत व पाठवितांही येत. कर्सरांचा ७७ आकृतींचा तयार संचही होता. त्यांत बाण व घड्याळ यांच्या जोडीस कोळी, कॉफीचा पेला आणि चांच्यांची कवटी यांनाही जागा मिळालेली पाहून, हे विद्वान् फार गंभीर नसावेत असें वाटतें.

या आज्ञेंत एक अडचण मात्र होती. आज्ञा आपलें काम करून क्षणांत संपते. आणि एक्सचा सामान्य नियम असा कीं प्रोग्रॅम संपला म्हणजे त्यानें घेतलेलें सर्व परत घ्यावें. ज्या पडद्यांवर एका वेळीं २५६ रंगच मावत, तेथें भूमीचा रंग असा परत जाऊन दुसऱ्या प्रोग्रॅमच्या हातीं पडला, तर निळी भूमि अकस्मात् तांबडी होणें शक्य होतें. म्हणून एक्ससेटरूट जातांना आपला रंग राखण्यास सर्व्हरला सांगे व रूट खिडकीवर खूण ठेवून जाई. पुढच्या वेळीं त्या खुणेवरून जुना सांठा मोकळा करी.

ज्यानें आपला पडदा जाळ्यावरील सर्वांस खुला ठेविला, त्याची भूमि शेजारच्या खोलींतून कोणीही रंगवूं शके. आज्ञेंत पडद्याचें नांव तेवढें बदलावयाचें. थट्टा येथवर ठीक. पण ज्या वाटेनें रंग जाई त्याच वाटेनें दुसऱ्याचीं टंकिलेलीं अक्षरेंही वाचतां येत. गुप्त 'कुकी' दाखविल्याशिवाय आंत न घेण्याची सोय १९८९ च्या चौथ्या सुधारणेंत झाली.

तरीही विद्यार्थ्यास लाभलें तें लहान नव्हे. यंत्र सर्वांचें, पण ही एक ओळ आपल्या आरंभीच्या फाइलींत लिहून ठेविली कीं ज्या यंत्रापुढें बसावें तेथें भूमि आपली, कर्सर आपला. तो उठून गेला कीं पुढच्यासाठीं पुन्हा करडी वीण.

१९९६ मध्यें केडीई व १९९७ मध्यें ग्नोम यांचा आरंभ झाला. अशा व्यवस्थांनीं पुढें आपलीच पडदाभर खिडकी रूटवर पसरली; तिच्याखालीं एक्ससेटरूटनें दिलेला रंग असून नसल्यासारखा झाला. २००८ मध्यें सुरू झालेल्या वेलँडमध्यें तर रूट खिडकीच नाहीं. भूमि रंगविणें पडदा रचणाऱ्या प्रोग्रॅमच्या हातीं गेलें, आणि प्रत्येकाची आज्ञा निराळी. खुद्द एक्सचा सर्व्हरही आतां काळ्या भूमीवर सुरू होतो व कोणी प्रोग्रॅम मागेपर्यंत कर्सर दाखवीत नाहीं. जुनी वीण व फुली पाहण्याची कोणास इच्छा झालीच, तर सर्व्हर सुरू करतांना '-रेट्रो' असा एक शब्द जास्त लिहावा लागतो.