इंटरकूलरचं बिऱ्हाड

आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियरने १९०५ साली टर्बोचार्जरच्या कल्पनेचं पेटंट घेतलं. इंजिनातून वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरवायचं, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबायची आणि ती इंजिनात कोंबायची. जास्त हवा, जास्त इंधन, जास्त ताकद. कागदावर सगळं फुकटात पडतं. पण हवा दाबली की तापते. २० अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली तर हिशेबाने ती ८४ अंशांवर जाते. खऱ्या कॉम्प्रेसरमध्ये ती ११० च्या आसपास पोचते. गरम हवा विरळ, म्हणजे दाबून जे कमावलं त्यातलं जवळजवळ निम्मं तिथेच गेलं. पेट्रोल इंजिनात तर वर आणखी धोका. ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच तापलेलं मिश्रण आपोआप भडकतं, नॉकिंग सुरू होतं आणि पिस्टनला भोक पडायची वेळ येते.

उपाय नवा नव्हता. कॉम्प्रेसरच्या दोन टप्प्यांमध्ये हवा गार करून घेण्याची रीत एकोणिसाव्या शतकातच रुळली होती. कारखान्यात मात्र जागेला तोटा नसतो. हवा गार करणारा हा इंटरकूलर निवडताना आज लोक फिन (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पट्ट्या) किती, जाडी किती, किती अंश उतरवतो हे विचारतात. त्याची कुळकथा पाहिली तर पहिला प्रश्न दरवेळी वेगळाच निघतो. याला ठेवायचं कुठे? इंजिन, रेडिएटर, चाकं, माणसं यांची सोय लागली की उरलेल्या कोपऱ्यात याचं बिऱ्हाड.

लॉकहीडच्या पी-३८ लाइटनिंग या अमेरिकी लढाऊ विमानात हे बिऱ्हाड पंखाच्या पुढच्या कडेत थाटलं होतं. कल्पना देखणी होती. टर्बोतून निघालेली गरम हवा पोकळ कडेतून पंखाच्या टोकाकडे न्यायची आणि माघारी इंजिनाकडे आणायची. बाहेरचा पत्रा गार वाऱ्यात असतोच, तोच तिला थंड करणार. वेगळा रेडिएटर नको, वाऱ्याला वेगळा अडथळा नको. कोणत्याही इंजिनियरने यावर खुशीने सही केली असती. पण पंखाचा पत्रा होता तेवढाच राहिला आणि एलिसन इंजिनाची ताकद वाढत गेली. शेवटी ताकद आहे, पण वैमानिकाने ती पूर्ण वापरायची नाही, अशी पाळी आली. शिवाय कडेला गोळी लागली की दाबच गळणार. १९४३ च्या पी-३८जे मध्ये इंटरकूलर तिथून उचलला आणि जाळीच्या गठ्ठ्याच्या रूपात इंजिनाच्या पुढ्यात, खालच्या बाजूला, दोन ऑइल कूलरांच्या मधे बसवला. नाकाखालचा भाग फुगला, वाऱ्याचा अडथळा वाढला, पण अडवून ठेवलेली ताकद मोकळी झाली. रिकाम्या कडांमध्ये पुढे प्रत्येक बाजूला सुमारे २०० लिटर जादा पेट्रोल मावू लागलं. मग युरोपच्या हिवाळ्यात उलटं दुखणं निघालं: नवा कूलर उंचावर हवा गरजेपेक्षा जास्त गार करू लागला.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये रोल्स-रॉइसने दुसरी वाट धरली. जर्मनांचं फॉके-वुल्फ १९० हे विमान स्पिटफायरला भारी पडत होतं. स्टॅन्ली हुकर या गणितज्ञाच्या देखरेखीखाली मर्लिन इंजिनाला दोन टप्प्यांचा सुपरचार्जर बसवला गेला. इथे चक्र फिरवायला धूर नव्हता, इंजिनाचेच गिअर होते. हवा तापायची ती तापलीच. स्पिटफायरच्या निमुळत्या नाकात हवेचे मोठे नळ फिरवायला जागा कुठून आणणार? म्हणून हवेची उष्णता पाण्याला दिली. सुपरचार्जर आणि सिलिंडर यांच्या मधल्या फटीत एक छोटा खोका, त्यातून खेळणारं ग्लायकॉलमिश्रित पाणी, आणि त्या पाण्याचा रेडिएटर लांब पंखाखाली. पाणी तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा हजारो पट उष्णता वाहून नेतं, त्यामुळे नळी बारीक चालते. १९४२ मध्ये हे स्पिटफायर नाइन लढाईत उतरलं. हवेने हवा गार करायची की मधे पाणी घालायचं, हा आजही चालणारा वाद तेव्हाच उभा राहिला होता.

मोटारींनी आधी चालढकल केली. १९६२ च्या टर्बोवाल्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये इंटरकूलर नव्हताच. नॉकिंग टाळायला पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण इंजिनात फवारलं जाई. त्याची टाकी गाडीच्या मालकाने भरत राहायची होती. मालक विसरले. (मालक विसरणार नाहीत असं गृहीत धरून केलेलं कुठलंही यंत्र फार दिवस टिकत नाही.) १९७३ च्या बीएमडब्ल्यू २००२ टर्बोने नॉकिंग टाळायला कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरात मिश्रण किती पट दाबायचं ते प्रमाण) खाली ६.९ वर आणून वेळ मारून नेली. टर्बो जागा होईपर्यंत गाडी मरगळलेली.

खरी गोष्ट पोर्शची. तिथलं इंजिन मागे आणि तेही एअर-कूल्ड, म्हणजे गाडीत पाण्याचा रेडिएटरच नाही. १९७५ ची पहिली ९११ टर्बो इंटरकूलरशिवाय आली: तीन लिटर, २६० हॉर्सपॉवर, कॉम्प्रेशन ६.५. १९७८ साली इंजिन ३.३ लिटरचं झालं आणि इंटरकूलर आला. तो इंजिनाच्या डोक्यावर आडवा ठेवला. पण इतका उंच गठ्ठा मावायचा तर झाकणच वर उचलायला हवं. म्हणून आधीचा पसरट मागचा पंख गेला आणि बाजूंनी उभी रबरी कड असलेला, ट्रेसारखा नवा पंख आला. पोस्टरांवर मिरवलेली ती शेपटी बरीचशी या गठ्ठ्याने घडवली आहे. कॉम्प्रेशन ७ वर गेलं, ताकद ३००.

पोर्शच्याच रेसच्या ९३५ गाडीची कथा याहून मजेशीर आहे. १९७६ च्या हंगामाच्या सुरुवातीला तिच्या शेपटीत हवेवर चालणारा इंटरकूलर होता आणि त्यासाठी मागचा भाग बदललेला होता. हंगाम चालू असतानाच नियामकांनी बजावलं की रस्त्यावरच्या गाडीचा मूळ पंख या गाडीवर बसलाच पाहिजे. पंख बसवला तर इंटरकूलर मावेना. पोर्शने घाईने पाण्याचा इंटरकूलर केला. म्हणजे इंजिन एअर-कूल्ड म्हणून ज्यांचा नावलौकिक, त्यांच्या रेसच्या गाडीत नियमाच्या एका कलमापायी पाण्याचे रेडिएटर शिरले. उष्णतेच्या गणिताने हा निर्णय घेतला नव्हता.

ट्रकवाल्यांना जागेची ही अडचण तितकीशी आली नाही. रेडिएटरपुढे ऐसपैस जागा होती. आपल्या टाटांच्या ४९७ टीसीआयसी इंजिनाच्या नावातली शेवटची दोन अक्षरं इंटरकूलरचीच.

जपानी रॅली गाड्यांत मात्र भांडण पुन्हा रंगलं. सुबारूच्या १९८९ च्या लेगसी आरएसमध्ये पाण्याचा इंटरकूलर होता. १९९२ च्या इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्समध्ये तो जाऊन हवेचा आला, थेट इंजिनावर. आडव्या सिलिंडरांचं बॉक्सर इंजिन बुटकं, त्यामुळे वर जागा मोकळी. बॉनेटला नाक काढलं की वारा आत. नळ्या आखूड, पाय दाबला की प्रतिसाद लगेच. त्याच वर्षीच्या मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशनने गठ्ठा बंपरमागे लावला: वारा भरपूर, नळ्या लांब. माझा कौल विचाराल तर मोकळ्या रस्त्याला मित्सुबिशीची मांडणी, ट्रॅफिकमध्ये दोन्हींची पंचाईत. फक्त सुबारूचा गठ्ठा सिग्नलला उभ्या गाडीत इंजिनाच्या आचेवर भाजत बसतो. हौशी मंडळी मग बंपरमागे मावेल तो सगळ्यात जाड गठ्ठा लावतात. अशा गठ्ठ्यातून जाताना हवेचा दाब घटू शकतो. तो भरून काढायला टर्बोला जास्त फिरावं लागतं आणि तो हवा आणखी तापवतो. पातळ नळ्यांचा ट्यूब-फिन गठ्ठा हलका, पण पटकन तापतो. जाड पट्ट्यांचा बार-प्लेट गठ्ठा जड, पण उष्णतेचा झटका झेलतो. अमुक चांगला म्हणणाऱ्याला आधी विचारावं, गाडी कुठे आणि किती वेळ पळणार आहे.

आज चाकणला बनणाऱ्या फोक्सवागन आणि श्कोडाच्या एक लिटर टीएसआय गाड्यांत हा गठ्ठा इनटेक मॅनिफोल्डच्या पोटातच आहे. पाण्यावर चालतो, हवेचा रस्ता आखूड, बंपरमागे नळांचं जंजाळ नाही. मर्लिनचीच मांडणी. इंजिनाच्या पाण्यापेक्षा गार पाण्याचं वेगळं मंडळ, त्याला वेगळा रेडिएटर आणि विजेवर चालणारा छोटा पंप. लांब घाट जोरात चढताना पुढचा हा रेडिएटर जेवढी उष्णता बाहेर टाकेल तेवढीच या मांडणीची झेप. गाडीचा पिकअप उतरला तर मेकॅनिकने टर्बोला दोष देण्याआधी तो पंप फिरतोय का, ते पाहावं.