पावसाची दिशा : इरल्यापासून दुचाकीस्वाराच्या रेनकोटापर्यंत

महाराष्ट्रातील वेशभूषेविषयी जे लेखन आमच्या वाचनात आले त्यात पैठणी, पागोटे, नऊवारी आणि अंगरखा यांना मानाचे स्थान आहे. वर्षातील चार महिने जे अंगावर वागवावे लागते त्या पावसाळी आवरणाचा उल्लेख मात्र ओझरताच येतो. याचे एक कारण उघड आहे. हे आवरण कोणी मिरवीत नाही. दारात आले की झटकून खुंटीला लावायचे, एवढाच त्याचा मान. प्रस्तुत लेखात त्याचा इतिहास एका साध्या प्रश्नाच्या अंगाने पाहावा असा आमचा विचार आहे : ते पांघरणाऱ्या माणसाच्या अंगावर पाऊस नेमका कोणत्या बाजूने येतो? भात लावणारी बाई, पायी चालणारा कारकून आणि मोटारसायकलवर बसलेला माणूस हे तिघे एकाच सरीत सापडले तरी ती सर तिघांना वेगवेगळ्या ठिकाणी गाठते. जूनच्या तोंडावर दुकानात रेनकोट निवडताना आपली जी फसगत होते, तिचे मूळ बहुधा येथेच असावे.

प्रथम इरले पाहू. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यात दाटीने बसवलेली पळसाची वा सागाची पाने, आणि डोक्यावर ठेवले की पाठीमागे कमरेखालपर्यंत उतरणारा, उपड्या होडीची आठवण करून देणारा आकार. कोकणात आणि मावळपट्ट्यात भातलावणीच्या दिवसांत इरल्याचे राज्य असे. लावणी करणारे माणूस तासन्‌तास कमरेत वाकलेले असते. पाऊस त्याच्या पाठीवर पडतो. छाती आणि पोट जमिनीकडे असतात. म्हणून इरल्याला पुढची बाजूच नाही. त्याला बाह्या नाहीत, बंद नाहीत. दोन्ही हात रोपांसाठी मोकळे राहतात. पाठ आणि पाने यांच्यामध्ये बोटभर ते वीतभर पोकळी राहते आणि तीतून वारा खेळतो, त्यामुळे आतल्या माणसाला घाम आला तरी तो कोंडत नाही. ही शेवटची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे. इरल्याची मर्यादाही त्याच्या आकारातच आहे. सरळ उभे राहून वाऱ्याला सामोरे जाऊ लागले की ते डोक्यावर ठरत नाही.

घाटावर आणि देशावर हेच काम घोंगडीने केले. दख्खनी मेंढीची राठ लोकर, सणगरांचा माग आणि चिंचोक्याची खळ यांतून ती तयार होते. पाऊस आला की तिचे एक टोक आत मुडपून डोक्यावर घ्यायचे, म्हणजे खोळ होते. (‘खळ’ आणि ‘खोळ’ हे शब्द घोंगडीपाशी इतके जवळ आलेले पाहून शब्दव्युत्पत्तीच्या नादी लागण्याचा मोह होतो, तो आवरलेला बरा.) घोंगडी पाणी अडवते थोडे आणि रिचवते फार. भिजली की जड होते, पण लोकर ओली असतानाही ऊब सोडत नाही. गुराख्याला तेवढे पुरे होते. खताच्या वा साखरेच्या रिकाम्या पोत्याची खोळ ही घोंगडीचीच गरीब वारसदार.

छत्रीविषयी येथे थोडक्यात उरकतो. छत्र हे राजचिन्ह. त्याची छत्री होऊन ती मास्तरांच्या आणि कारकुनांच्या काखेत कशी आली हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. आपल्यापुरते महत्त्वाचे इतकेच की पाऊस वरून येईल आणि माणसाचा एक हात रिकामा असेल या दोन गृहीतांवर ती उभी आहे. शिवाय तिच्याखाली दोघे मावतात, आणि म्हणूनच ‘श्री ४२०’सारख्या चित्रपटात (१९५५) तिला इतके मोठे काम मिळाले. रेनकोटात एकच माणूस मावतो. ओव्हरकोटाला १८४२ साली गोगोल भेटला. रेनकोटाच्या नशिबी तसा कथाकार असल्याचे आम्हांस आठवत नाही.

पाणी अंगाशी येऊच द्यायचे नाही, ही महत्त्वाकांक्षा मात्र रबराची. दक्षिण अमेरिकेतील मूळ रहिवासी झाडाच्या चिकाने वस्तू जलाभेद्य करीत असत, हे युरोपला अठराव्या शतकात कळले. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिन्टॉशने १८२३ साली घेतलेल्या पेटंटची युक्ती अशी की डांबरापासून निघणाऱ्या नॅफ्थ्यात रबर विरघळवायचे आणि ते दोन कापडांच्या मध्ये लेपून एकच कापड करायचे. कापडातून पाणी जाईना, पण कोट शिवताना सुई जेथे जेथे गेली तेथून ते येऊ लागले. थंडीत हे कापड कडक होई, उन्हाळ्यात चिकट. त्याला उग्र वास येई, आणि आतला माणूस घामाने चिंब होई. कडकपणा आणि चिकटपणा यांवर गंधकाचा उपाय सापडला. अमेरिकेत गुडइयरला त्याचे पेटंट १८४४ साली मिळाले, इंग्लंडमध्ये ते त्याच सुमारास हँकॉकने घेतले. शिवणीतून येणारे पाणी आणि आत कोंडणारा घाम ही दोन दुखणी मात्र तशीच राहिली. आज दोनशे वर्षांनंतरही रेनकोटाची परीक्षा याच दोन ठिकाणी होते.

आपल्याकडे या रबरी कोटाला स्वदेशीचा स्पर्श झाला. सुरेंद्रमोहन बोस यांनी १९२० साली कलकत्त्यात बेंगॉल वॉटरप्रूफची स्थापना केली. ‘डकबॅक’ हे तिच्या मालाचे नाव. बदकाच्या पाठीवर पाणी ठरत नाही, ही कल्पना नावातच आहे. कित्येक घरांतून हा जाड, वासाचा कोट थोरल्याकडून धाकट्याकडे जात असे. तो होता उत्तमच, परंतु पायी चालणाऱ्यासाठी. खांद्यावरून गुडघ्यापर्यंत घंटेसारखा उतरलेला, समोर बटणे, खाली मोकळा. वरून आलेले पाणी खांद्यावरून ओघळून जमिनीवर पडावे अशी त्याची रचना.

येथे थोडे गणित केले पाहिजे. मोठ्या थेंबाचा पडण्याचा वेग सेकंदाला सुमारे ९ मीटर, म्हणजे ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास असतो. वारा नाही असे धरले तरी ताशी ३२ किलोमीटरने जाणाऱ्या दुचाकीस्वाराला पाऊस ४५ अंशांतून येताना जाणवतो. ताशी ५० किलोमीटरला तो उभ्या रेषेपासून ५५ अंशांहून अधिक कललेला असतो; वरून जितके पाणी येते त्याच्या दीडपट समोरून येते. पुढच्या चाकाने उडवलेले पाणी खालून येते ते निराळेच. शिवाय हा माणूस बसलेला आहे. छातीवरचे पाणी ओघळून जमिनीवर जात नाही; ते मांडीत, कोटाच्या घडीत साचते, आणि शरीराच्या भाराने शिवणीतून आत दाबले जाते. पादचाऱ्याच्या कोटाची बटणपट्टी, त्याचा मोकळा घेर आणि त्याची गुडघ्याशी संपणारी लांबी ही तिन्ही येथे उलटतात.

इंग्लंडातील मोटारसायकलस्वारांना हे लवकर कळले. बार्बर या कंपनीने १९३६ साली ‘इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायल’ या शर्यतीसाठी मेणकापडाचा खास वेश काढला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याच्या संदेशवाहक स्वारांना मिळणारा रबरी कोट तर आम्हांस या इतिहासातील सर्वांत बोलकी वस्तू वाटते. त्याचे खालचे पल्ले दोन्ही मांड्यांभोवती स्वतंत्रपणे गुंडाळून बटणांनी बंद करता येत. कोटाची विजार होण्याच्या वाटेवरचा हा मुक्काम.

महाराष्ट्रात ही वाट उशिरा आली, कारण आपल्याकडे आधी स्कूटर रुजली. इटलीत १९४६ साली निघालेल्या व्हेस्पाची रचनाच अशी होती की चालवणाऱ्याचे कपडे चिखलाने बरबटू नयेत. समोरचा पत्रा गुडघे आणि पावले झाकतो. पियाजिओच्या परवान्याने व्हेस्पा बनवणाऱ्या बजाज ऑटोने १९७२ साली चेतक आणली आणि मध्यमवर्गीय घराच्या दारात ती उभी राहिली. पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची लूना हीही त्याच काळातली. चेतकवर पादचाऱ्याचा लांब कोट चालून जाई; त्याचे अपुरेपण पत्रा झाकून घेई. पुढे १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली, पेट्रोलच्या हिशेबाने लोक मोटारसायकलीकडे वळले, आणि गुडघ्यापुढचा पत्रा गेला. पत्र्याचे काम आता कपड्याने करायचे होते. जाकीट आणि विजार असा दोन तुकड्यांचा पावसाळी वेश आपल्या बाजारात सर्वसामान्य होण्यामागे आमच्या मते हे एक मोठे कारण आहे. फॅशनचा त्यात फारसा वाटा नसावा.

स्त्रियांच्या बाबतीत प्रश्न याहून अवघड होता, आणि कायद्यालाही त्याची दखल घ्यावी लागली. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३व्या नियमानुसार मागे बसणाऱ्याचे वस्त्र चाकात अडकू नये म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे आवरण आवश्यक ठरले. आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो ते हेच. साडीवर दोन तुकड्यांचा वेश चढवता येत नाही. म्हणून डोक्यावरून घ्यायच्या बिनबाह्यांच्या खोळीसारख्या रेनकोटाचा मोह पडतो; परंतु त्याचे फडफडणारे टोक साडीच्या पदराइतकेच घातक. वाहन चालू असताना मोकळे लोंबणारे कोणतेही टोक नको, हा निवडीचा पहिला नियम मानावा. पाण्याचा विचार त्यानंतर.

विसाव्या शतकातील प्लास्टिकने रबराला हटवले. पीव्हीसीला मऊ करण्याची युक्ती १९२६ साली वॉल्डो सेमन याला साधली. पीव्हीसीच्या पत्र्याला शिवण लागत नाही, उष्णतेने जोड देता येतो. मॅकिन्टॉशचे एक दुखणे संपले. पण आठ महिने घडी घालून ठेवलेला असा कोट उघडला की घडीवर चिरतो, आणि विजार पहिल्यांदा फाटते ती दोन पायांच्या सांध्यात, कारण दुचाकीवर चढता-उतरताना सगळा ताण तेथेच येतो.

दुसरे दुखणे घामाचे. रॉबर्ट गोर याने १९६९ साली टेफ्लॉन ताणून सूक्ष्म छिद्रांचा पडदा मिळवला. १९७६ पासून गोअर-टेक्स बाजारात आले. पाण्याचा थेंब आत येत नाही, घामाची वाफ बाहेर जाते, असा त्याचा लौकिक. लौकिक खरा आहे, परंतु तो थंड हवेत मिळवलेला आहे. वाफ बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातील फरकाने. स्कॉटलंडातील ८ अंशांच्या पावसात हा फरक जितका असतो, त्याच्या जवळपास निम्माच आपल्या २६ अंशांच्या, ९० टक्के दमट पावसात राहतो. त्यात बाहेरच्या कापडावरचा पाणी झटकणारा लेप झिजला की ते कापड पाणी धरते आणि वाट आणखी बंद होते. अशा लेपांतील व पडद्यांतील फ्लोरिनयुक्त रसायने निसर्गात नष्ट होत नाहीत, म्हणून गोर कंपनीने २०२२ साली पॉलिएथिलीनचा नवा पडदा आणला आणि फ्रान्सने जानेवारी २०२६ पासून अशा रसायनांच्या कपड्यांवर बंदी घातली. तात्पर्य, मोठी किंमत मोजून ‘श्वास घेणारे’ कापड घेणाऱ्या मुंबईकराने वा रत्नागिरीकराने अर्ध्या लाभाचीच अपेक्षा धरावी. काखेखाली चेन आणि पाठीवर झाकलेली झडप असलेले, हवा आत-बाहेर करू देणारे साधे जाकीट येथे पुष्कळदा अधिक कामाचे. इरल्याखालच्या पोकळीची आठवण वाचकांस येथे व्हावी.

कापडाच्या चिठ्ठीवर ५,००० वा १०,००० मिलिमीटर असा आकडा असतो. पाण्याचा किती उंच स्तंभ पेलल्यावर कापडातून थेंब झिरपू लागतो, ते हा आकडा सांगतो. शिवणीविषयी तो मौन पाळतो. म्हणून जाकीट उलटे करून शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली आहे ना, हे बोटाने पाहावे. विजारीच्या सांध्यापाशी शिवणी कमी असाव्यात. समोरच्या चेनवर दुहेरी झाप हवी. टोपी शिरस्त्राणावरून ओढू नये. मान वळवली तरी ती वळत नाही आणि बाजूचे वाहन दिसत नाही. दुकानात उभे राहून माप पाहण्यात अर्थ नाही. विक्रेता हसला तरी हरकत नाही, खुर्चीवर हात पुढे करून बसावे, म्हणजे मनगट आणि घोटे किती उघडे पडतात ते कळते. आणि रंग काळा नसावा. पावसाच्या पडद्यातून येणाऱ्या ट्रकचालकाला काळा रेनकोट दिसत नाही, आणि दुकानात सर्वाधिक टांगलेला असतो तो काळाच.

हे सारे सल्ले ज्याला दिवसाकाठी तासभर भिजायचे आहे त्याच्यासाठी ठीक. आज शहरांतून दहा-दहा तास पावसात दुचाकी चालवणारा माणूस म्हणजे घरपोच जिन्नस पोचवणारा कामगार. पावसाला समोरून इतका वेळ तोंड देणारा दुसरा कोणी आम्हांस दिसत नाही, आणि सगळ्यांत हलकी पीव्हीसीची जोडी असते ती त्याच्याच अंगावर. दर वेळी इमारतीच्या दारात ती काढायची, जिने चढायचे, उतरून पुन्हा चढवायची, यात ती पहिल्याच महिन्यात सांध्यात उसवते. मग तो विजार सोडून देतो आणि नुसते जाकीट ठेवतो. पाठीवरचे खोके नीट झाकलेले असते, हँडलवरच्या मोबाइलला दुधाची रिकामी पिशवी बांधलेली असते, आणि पायांत चपला असतात.