पन्नास सह्यांचा मुखत्यार

पोस्ट मोठी आहे. पण यात्रेच्या वर्गणीची पावती घेणाऱ्या प्रत्येकाने वाचावी, ही विनंती.

मागच्या महिन्यात आपल्या मढ परिसरातल्या एका देवस्थान ट्रस्टच्या बैठकीला गेलो होतो. नाव लिहीत नाही, कारण हे दुखणं एका गावाचं नाही. जीर्णोद्धाराच्या खर्चावरून आवाज चढले. तेवढ्यात मागे बसलेले एक म्हातारे बाबा उठले आणि म्हणाले, "हिशेब मागनं सांगा. आधी हे सांगा, तुम्हाला नेमलं कुणी?"

सगळे गप्प.

नंतर मी धर्मादाय कार्यालयातून ट्रस्टच्या परिशिष्ट एकचा उतारा काढला. त्यावर सात विश्वस्त. त्यातले चार देवाघरी गेलेले. बैठकीत पुढे बसलेल्यांपैकी एकाचंच नाव उताऱ्यावर. बाकीचे लबाड आहेत असं मी म्हणत नाही, यात्रेत रात्रंदिवस राबणारी पोरं आहेत त्यात. पण बाबांच्या प्रश्नाला कागदावर उत्तर नव्हतं.

हाच प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी पुण्यात पडला होता, आणि तोही एका देवस्थानावरूनच. पर्वतीचं देवस्थान पेशव्यांचं. पेशवाई बुडाली, पुढे कारभार पंचांकडे आला, आणि त्या कारभारावर पुणेकर नाराज झाले. पण तक्रार करायची कोणाच्या वतीने? चार वकील आणि दोन सावकार एकत्र आले म्हणून ते 'लोक' होत नाहीत. समोरचा विचारणारच, तुम्ही कोण?

या असंतोषातून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा उभी राहिली. पुढाकार होता गणेश वासुदेव जोशी या वकिलाचा. लोक त्यांना 'सार्वजनिक काका' म्हणू लागले ते याच कामामुळे. औंधचे पंतप्रतिनिधी पहिले अध्यक्ष झाले. पण मला महत्त्वाचा वाटतो तो सभेचा एक नियम. सभासद व्हायचं तर किमान पन्नास सज्ञान माणसांच्या सहीचं मुखत्यारपत्र आणायचं. म्हणजे पन्नास जणांनी लिहून द्यायचं की हा माणूस आमच्या वतीने बोलेल. सुरुवातीच्या ९५ सभासदांमागे अशा सुमारे सहा हजार लोकांच्या सह्या होत्या.

साल बघा, १८७०. काँग्रेस स्थापन व्हायला अजून पंधरा वर्षं होती. मतदान म्हणजे काय हे गावाला ठाऊक नव्हतं. अशा काळात काकांनी संस्थेची पायरी देणगीच्या आकड्यावर किंवा घराण्याच्या नावावर बांधली नाही, सहीवर बांधली. पुढे न्यायमूर्ती रानडे पुण्यात आले आणि सभेच्या कामाला अभ्यासाची जोड मिळाली. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारपुढे ठेवली.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि पुढचा भाग आपल्या जास्त कामाचा आहे. १८९५ मध्ये सभेच्या कार्यकारी मंडळाच्या निवडणुकीत टिळकांच्या बाजूच्या लोकांनी बहुमत मिळवलं. मतदानाने मिळवलं, दांडगाईने नव्हे. रानड्यांच्या बाजूची मंडळी वर्षानुवर्षं सभा चालवत होती. काम चोख होतं, पण पाठीमागे माणसं जोडून ठेवायची राहिली होती. तेव्हा सभेचे चिटणीस होते गोपाळ कृष्ण गोखले. त्यांनी पुढे राजीनामा दिला. १८९६ मध्ये रानडे-गोखले गटाने डेक्कन सभा ही वेगळी संस्था काढली. एका संस्थेच्या दोन झाल्या.

त्याच सुमाराला पुन्हा दुष्काळ पडला. टिळकांच्या ताब्यातल्या सभेने गावोगावी माणसं पाठवून शेतकऱ्यांना सांगितलं की दुष्काळाच्या कायद्याने तुम्हाला काय हक्क आहेत. सरकार चिडलं. १८९७ मध्ये सरकारने जाहीर केलं की यापुढे सार्वजनिक धोरणावर बोलायला या सभेला आम्ही मान्यता देत नाही.

कोण बरोबर होतं यावर पुण्यात अजून वाद घालता येईल. मी त्यातून एवढंच घेतो. रानड्यांकडे अभ्यास होता, पण मंडळ हातातून गेलं. टिळकांकडे मंडळ आलं, पण सभा दुभंगली. कारभारी कितीही मोठा असो, सह्या देणारी माणसं त्याच्याबरोबर आहेत की नाहीत हे त्याला वारंवार विचारत राहावं लागतं. एकदा मिळालेलं मुखत्यारपत्र जन्मभर पुरत नाही.

आता परत आपल्याकडे येऊ. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याने काकांचा प्रश्न आपल्यासाठी सोपा करून ठेवलाय. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा. दरवर्षी हिशेब तपासून घ्यायचा. देवस्थानची जमीन विकायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी हवी. आणि मुख्य म्हणजे देवळात नेहमी दर्शनाला जाणारा साधा भाविकसुद्धा या कायद्यात 'हितसंबंध असलेली व्यक्ती' आहे. त्याला विचारायचा हक्क आहे. तो कोणावर उपकार मागत नाही.

पण हक्क वापरतो कोण? वार्षिक सभेची नोटीस लागते तेव्हा आपण शेतात, बाजारात, नाहीतर ओतूरला कामाला. "करतायत ना ते, करू द्या" म्हणतो. मग दहा वर्षांनी भांडण कोर्टात जातं, खातं गोठतं आणि देवळाचं काम अर्धवट राहतं. दोष निम्मा कारभाऱ्यांचा, निम्मा आपला.

येत्या यात्रेआधी आपापल्या गावात तीन गोष्टी विचारा. उताऱ्यावर आज कोणाची नावं आहेत? शेवटचा बदल अर्ज कधी दिला? मागच्या वर्षीचा तपासलेला हिशेब कुठे बघायला मिळेल? नीट विचारा, भांडू नका. राबणाऱ्या पोरांची नावं कागदावर आली तर त्यांचंच बळ वाढेल.

त्या बैठकीतल्या बाबांना अजून उत्तर मिळालेलं नाही. पण पुढच्या बैठकीत बदल अर्जाचा विषय घ्यायचं ठरलंय. मी जाणार आहे. तुमच्या गावची बैठक कधी आहे, खाली लिहा.