न संपणारं माळरान

सेरेंगेटीचे फोटो घरी दाखवले, तेव्हा आई म्हणाली, "एवढी मोठी जमीन, आणि माणूस एकही नाही?" मी हसलो. मग थोडं वाचलं आणि वाटलं, आईचं बरोबर आहे की!

टांझानियातलं हे नाव मुळात मसाई भाषेतलं. अर्थ साधारण 'न संपणारं माळरान'. मसाई तिथेच गुरं चारत होते. १९५१ साली ब्रिटिश अमदानीत तिथे राष्ट्रीय उद्यान झालं, आणि १९५९ मध्ये मसाईंना उद्यान सोडावं लागलं. शेजारच्या गोरोंगोरोत राहायची मुभा मिळाली. पुढे सत्तरच्या दशकात तिथल्या विवराच्या तळातूनही त्यांना हलवलं, शेतीवर बंदी आली. २०२२ पासून सरकार त्यांना दूर म्सोमेराला नेऊन वसवतंय. सरकार म्हणतं, लोक राजीखुशीने जातात. बरेच मसाई म्हणतात, जबरदस्ती आहे.

त्याच विवराच्या कड्यावर मायकेल ग्झिमेकची कबर आहे. वडील बर्नहार्ड यांच्यासोबत तो विमानातून जनावरं मोजायचा. १९५९ मध्येच गिधाड धडकून विमान कोसळलं आणि तो गेला. तिथे मी हात जोडले होते. आजही दहा लाखांवर विल्डबीस्ट त्या माळावरून फिरतात, त्यात या बापलेकांचाही वाटा आहे. पण किंमत मोजणाऱ्यांत मसाईही होते, हे तेव्हा माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

अल्बमला मी 'निर्मनुष्य' असं नाव दिलं होतं. ते खोडलंय. दुसरं अजून सुचलेलं नाही.