हॅशिंग : उद्गम, विकास आणि मर्यादा

प्रस्तावना :
संगणकीय आज्ञावलीत ‘किल्ली’ व ‘मूल्य’ अशा जोडीने माहिती साठविण्याची पद्धत आज सर्वत्र रूढ आहे. शब्दकोशात शब्दावरून अर्थ सापडतो, तसे येथे किल्लीवरून मूल्य सापडते. मात्र त्यासाठी नोंदी क्रमवार लावण्याची गरज ‘हॅशिंग’ने दूर केली. प्रस्तुत लेखात या पद्धतीच्या वाटचालीचा आढावा घेतला आहे.

उद्गम :
जानेवारी १९५३ मध्ये आयबीएम कंपनीतील हान्स पीटर लून यांनी एका अंतर्गत टिपणात ही कल्पना मांडली. किल्लीवर गणिती क्रिया करून कप्प्याचा क्रमांक काढावा आणि एकाच कप्प्यात येणाऱ्या नोंदी साखळीने जोडाव्यात, असे तिचे स्वरूप होते. त्याच सुमारास जीन अॅमडाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएम ७०१ या संगणकासाठी, कप्पा भरलेला असल्यास पुढील रिकामा कप्पा घेण्याचा मार्ग अवलंबिला. सोव्हिएत संघात आंद्रेई एर्शोव्ह यांनीही तो स्वतंत्रपणे शोधला. १९५६ मध्ये अर्नोल्ड ड्यूमी यांनी किल्लीस मूळ संख्येने भागून उरणारी बाकी वापरण्याचे सुचविले. उदाहरणार्थ, ९७ ने भागल्यास १९५३ ची बाकी १३ येते. ११० चीही १३ च येते. हीच ‘टक्कर’ होय.

विकास :
रॉबर्ट मॉरिस यांच्या १९६८ च्या लेखाने ‘हॅश’ या बोलीतील शब्दास शास्त्रीय लेखनात स्थान मिळवून दिले. पुढे १९७७ मधील ऑक व १९८७ मधील पर्ल या भाषांनी ही रचना भाषेचाच भाग बनविली.

मर्यादा :
हॅशिंगचा वेग सरासरीवर अवलंबून असतो. सर्व किल्ल्या एकाच कप्प्यात पडल्यास शोध अतिशय मंदावतो. २००३ मध्ये स्कॉट क्रॉस्बी व डॅन वॉलाक यांनी अशा किल्ल्या हेतुपुरस्सर पाठवून सेवा ठप्प करता येते, हे दाखविले. वस्तुतः हॅश-फल यादृच्छिकपणे निवडण्याचा विचार लॅरी कार्टर व मार्क वेगमन यांनी १९७० च्या दशकातच मांडला होता. तरीही डिसेंबर २०११ मध्ये अनेक प्रचलित भाषा याच हल्ल्यास बळी पडू शकतात, असे उघड झाले. त्यानंतर २०१२ मध्ये गुप्त किल्लीवर आधारित सिपहॅश पुढे आले आणि २०१४ मध्ये पायथनने ते स्वीकारले.

निष्कर्ष :
लून यांच्या काळी किल्ल्या हेतुपूर्वक निवडणारा प्रतिपक्ष गृहीत धरलेला नव्हता. महाजालाने ते गृहीतक मोडले. सिद्धान्त उपलब्ध असूनही व्यवहाराने तो स्वीकारण्यास तीन दशके घेतली, हे या इतिहासातील महत्त्वाचे सत्य होय. म्हणूनच ही रचना शिकविताना सरासरी वेगाबरोबर तिच्यामागील गृहीतकही शिकविणे अगत्याचे ठरते.