गोव्यातील खाजणे: खाऱ्या पाण्याशी जुळवून घेतलेली शेती

मांडवी, जुवारी आणि गोव्यातील इतर नद्या समुद्राला मिळतात त्या टापूत काठच्या सखल जमिनींना खाजण म्हणतात. या जमिनी ओहोटीच्या पातळीहून उंच, पण भरतीच्या पातळीहून खाली असतात. मुळात हा प्रदेश कांदळवनाचा. माणसाने बांध घालून त्याचा काही भाग भातशेतीखाली आणला. तिसवाडी, बारदेस, सासष्टी, फोंडा, डिचोली अशा तालुक्यांत मिळून खाजणांचे क्षेत्र सुमारे १८,००० हेक्टर भरते.

खाडीकाठचा अधिवास मोठा कठीण असतो. पावसाळ्यात नदीच्या पुरामुळे पाणी जवळजवळ गोडे होते, तर उन्हाळ्यात समुद्राचे पाणी आत कित्येक किलोमीटर शिरते. दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओसरते. चिखल इतका घट्ट असतो की त्यात हवा खेळत नाही. या बदलांना तोंड देऊ शकणारे जीवच येथे टिकतात, आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

कांदळाची मुळे पाणी शोषतानाच त्यातील बहुतेक मीठ बाहेर अडवतात. तिवर मात्र मीठ आत घेते आणि पानांवरील सूक्ष्म ग्रंथींतून बाहेर टाकते. कोरड्या दिवसांत तिवराच्या पानावर बोट फिरवले तर मिठाचे कण हाताला लागतात. चिखलात हवा नसल्यामुळे तिवराची बोटाएवढी श्वसनमुळे जमिनीतून सरळ वर येतात, तर कांदळ खोडापासून फुटलेल्या आधारमुळांवर उभा राहतो. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते. त्याचा फूट-दीड फूट लांब कोंब पिकून खाली पडला की चिखलात रुततो, नाही तर पाण्यावर तरंगत दुसऱ्या काठाला लागतो.

प्राण्यांतही असेच वैविध्य दिसते. निवटी हा मासा ओहोटीच्या वेळी चिखलावर परांच्या जोरावर सरकत फिरतो. कल्ल्यांच्या पोकळीत तो पाणी धरून ठेवतो आणि ओल्या त्वचेतूनही प्राणवायू घेतो. काळुंदर आणि शेवटे हे मासे पाण्यातील क्षाराचे चढउतार सहज सोसतात. अनेक जातींची कोळंबी समुद्रात अंडी घालते, पण तिची पिल्ले वाढीसाठी खाडीच्या उथळ पाण्यात येतात. चिंबोरी चिखलात बिळे करते. बांधात तिने बीळ केले तर तेथून पाणी झिरपू लागते, म्हणून बांधांवर सतत नजर ठेवावी लागे.

या भूमीत माणसाने शेती केव्हा सुरू केली याचा एक जुना पुरावा ताम्रपटांत मिळतो. कोकणच्या मौर्य घराण्यातील अनिर्जितवर्मन् याच्या बांदोडे येथे सापडलेल्या, सुमारे सहाव्या शतकातील ताम्रपटात खाजण जमिनीच्या दानाचा उल्लेख आहे. पुढे या जमिनींची व्यवस्था गावकारीकडे राहिली. गावात प्रथम वस्ती करणाऱ्या कुळांचे वंशज, म्हणजे गावकर, एकत्रितपणे जमिनीचे धनी असत. शेते लागवडीला देणे, सारा भरणे आणि बांध राखणे ही कामे ही संस्था पाहत असे. पोर्तुगीजांनी तिसवाडी घेतल्यानंतर १५२६ मध्ये आफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या सनदेत गावकरांचे हे जुने रिवाज नोंदवले गेले. राज्यकर्त्यांना सारा हवा होता आणि तो बांध शाबूत असेपर्यंतच मिळणार होता, त्यामुळे ही पद्धत बऱ्याच अंशी तशीच चालू राहिली.

बांध स्थानिक सामग्रीचे असत. खाडीचा चिकट चिखल, पेंढा आणि जांभा दगड यांनी ते रचले जात. बाहेरच्या अंगाला राखलेली कांदळवने लाटांचा मार झेलत. बांधात ठरावीक जागी मानस, म्हणजे लाकडी झडपांचे दार, बसवलेले असते. भरतीच्या पाण्याचा दाब पडला की झडपा आपोआप मिटतात. ओहोटीला बाहेरची पातळी उतरली की आतले पाणी त्यांना ढकलून निघून जाते. मानशीच्या आतल्या बाजूस पोंय हा खोलगट पाणसाठा असतो. शेतांतून निथळलेले पाणी त्यात जमा होते.

बांधाने भरती अडली, तरी मातीतला खार राहतोच. त्यामुळे येथे साधे भात चालत नाही. जे रोप खारट मातीत तगले त्याचेच बी पुढच्या वर्षी पेरायचे, या पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून कोरगूट आणि आसगो यांसारखे वाण टिकून राहिले. क्षार सोसणारे भात सोडियम कोवळ्या पानांपर्यंत पोहोचू देत नाही. कोरगुटाचे रोप उंच, दाणा कुसळांचा आणि तांदूळ लाल असतो. उंचीमुळे ते साचलेल्या पाण्यातही तग धरते. पुढे जुन्या गोव्यातील कृषी संशोधन संस्थेने कोरगुटातून निवड करून ‘गोवा धान’ या नावाने काही वाण तयार केले.

खाजणाचे वर्ष पावसाशी बांधलेले होते. जूनच्या पहिल्या पावसाने खार धुऊन जाई आणि मगच लागवड होई. कापणी आटोपल्यावर काही शेतांत मानशीतून खारे पाणी घेतले जाई. त्याने तण मरत असे आणि पाण्याबरोबर मासे व कोळंबीही आत येत. ओहोटी लागली की मानशीच्या तोंडाशी जाळे लावून ती पकडली जात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ही मासेमारी जोरात चाले. मासे धरण्याचा हक्क लिलावात दिला जाई आणि त्या पैशाचा बांधांच्या डागडुजीला उपयोग होई. काही खाजणांत उन्हाळ्यात मीठही पिकवले जाई.

१९६१ मध्ये पोर्तुगीज सत्ता संपल्यानंतर ही घडी बदलली. १९६४ च्या कूळ कायद्याने आणि त्यातील पुढच्या दुरुस्त्यांनी कसणाऱ्यांना हक्क मिळाले. बांधांची जबाबदारी गावकारीकडून कुळांच्या संघांकडे आली, पण पुष्कळ ठिकाणी हे संघ दुबळे राहिले. भातापेक्षा मानशीच्या मासळीतून जास्त पैसा मिळू लागला, तेव्हा दारे गरजेपेक्षा अधिक काळ उघडी राहू लागली. खनिज वाहणाऱ्या बार्जांच्या लाटांनीही बांध झिजले. बांध फुटला की खारे पाणी शेतात कायमचे शिरते आणि काही वर्षांत तेथे तिवर-कांदळ पुन्हा उगवतात. कांदळवनाला कायद्याचे संरक्षण असल्यामुळे अशी शेते परत लागवडीखाली आणणे अवघड होते. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळ्या तरतुदी केल्या गेल्या. त्यांनुसार खाजणांलगतच्या कांदळवनांचे संरक्षण करायचे, खाजणांच्या व्यवस्थापनाचा आराखडा तयार करायचा आणि तेथे विकासकामांना मनाई करायची असे ठरले.